अरण्याला खत कोण घालतो?

माघ-फाल्गुन लागला कीं शहरांतील अंगणाअंगणांतून एक नवें काम उभें राहतें. कुंपणाजवळचा बदाम, गल्लीच्या तोंडचा पिंपळ, परसांतला आंबा हीं झाडें आळीपाळीनें पानें ढाळूं लागतात, आणि सकाळीं झाडून लख्ख केलेलें अंगण दुपारच्या चहापर्यंत पुन्हां भरून जातें. घरचें माणूस कंटाळतें, झाडाला चार शब्द सुनावतें, सगळा पाचोळा एका कोपऱ्यांत लोटतें आणि काडी लावून मोकळें होतें. धूर शेजाऱ्याच्या खिडकींत जातो, राख वाऱ्यावर उडते आणि स्वच्छता झाल्याचें समाधान तेवढें पदरांत राहतें. पुढें आठ-पंधरा दिवसांनीं त्याच घरांतील मंडळी रोपवाटिकेंत जातात आणि कुंड्यांकरितां खताची पिशवी पैसे मोजून घेऊन येतात. जाळलें तें काय आणि विकत आणलें तें काय, यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल अशी शंकाहि कोणाच्या मनाला शिवत नाहीं.

त्याच दिवसांत भीमाशंकर, आंबोली किंवा कोयनेचें खोरें, यांपैकीं एखाद्या रानांत जाऊन पाहावें. तेथेंहि पानें गळत असतात. इतकीं कीं, पाऊल टाकलें तर त्या आवाजानें दूरवरचें भेकर सावध व्हावें. उष्ण प्रदेशांतील चांगल्या वाढलेल्या अरण्यांत दर वर्षीं एकरी साधारणपणें २ ते ४ टन सुका पाचोळा जमिनीवर पडतो. तो झाडण्यास कोणी जात नाहीं आणि खताची गाडीहि कोणी तेथें नेऊन ओतीत नाहीं. तरी पुढच्या माघांत जावें तों पाचोळ्याचा थर जवळजवळ पूर्वीइतकाच असतो. शंभर वर्षें पानें पडत आलीं म्हणून तेथें पाचोळ्याचे डोंगर झाले नाहींत, आणि शंभर वर्षें झाडें जमिनींतून अन्न ओढीत आलीं म्हणून जमीनहि निःसत्त्व झाली नाहीं. या वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. पण तें एकत्व ध्यानांत यावयास विज्ञानालाहि बराच काळ लागला.

शेतांतलें पीक घरीं नेलें जातें, अरण्यांतून कोणी कांहीं नेत नाहीं, म्हणून अरण्य समृद्ध राहतें, असें उत्तर कोणीहि सुचवील. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर नेणारा आहे, आणि तो मोठा जबरदस्त आहे. तो म्हणजे पाऊस. महाबळेश्वरीं वर्षाला सरासरीनें ५,००० मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे २०० इंचांच्या घरांत पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांतच. असल्या पावसाखालीं पाण्यांत विरघळणारें जें जें म्हणून मातींत असेल, तें तें खालीं झिरपून किंवा उतारावरून वाहून जावयाचें. तांबड्या जांभ्याच्या जमिनीची प्रत कोंकणांतील कोणत्याहि शेतकऱ्यास विचारावी. तो तिच्याबद्दल फारसें चांगलें बोलणार नाहीं. अशा धुऊन निघालेल्या मातीवर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांची दाट झाडी उभी राहते. तिचें अन्न ठेवलें आहे तरी कोठें?

तें मातींत फारसें ठेवलेलें नाहींच. तें पानांत, मुळांत, बुरशींत, किड्यांच्या पोटांत सारखें फिरतें असतें, आणि पाचोळा हा त्या फिरतीचा हमरस्ता आहे.

पान गळतें म्हणजे झाड तें टाकून देतें, ही समजूत अर्धीच बरोबर आहे. टाकण्यापूर्वीं झाड त्याची झडती घेतें. पान पिवळें पडूं लागलें कीं त्यांतील हरितद्रव्य मोडलें जातें, आणि त्यांतला नत्र व त्याच्याबरोबर स्फुरद देठावाटे फांदींत परत ओढून घेतला जातो. पुष्कळ झाडें या द्रव्यांचा जवळजवळ निम्मा भाग अशा रीतीनें वांचवितात. मग देठाच्या मुळाशीं पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, तो सुटतो आणि पान खालीं येतें. जुन्या कोटाचीं बटणें काढून घेऊन मगच तो बोहारणीच्या पाटींत टाकणाऱ्या गृहिणीला हा व्यवहार नवा वाटणार नाहीं. चुना मात्र पानांतच राहतो. तो एकदां पेशींच्या भिंतींत बसला कीं सहसा हलत नाहीं.

तेव्हां जमिनीवर येणारें पान हें कांहीं मोठें श्रीमंत नसतें. त्यांत कर्ब भरपूर आणि नत्र तुटपुंजा. एका भाग नत्राला पन्नास-साठ भाग, कित्येकदां त्याहूनहि अधिक कर्ब, असें प्रमाण पडतें. शिवाय तो कर्बहि सरळ खाण्याजोगा नसतो. सेल्युलोजचे धागे आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारें लिग्निन नांवाचें चिवट द्रव्य, अशी पानाची बांधणी असते. लांकडाला लांकूडपण येतें तें या लिग्निनामुळेंच. गवतांतलें सेल्युलोज गाय आपल्या पोटांतील जंतूंच्या मदतीनें पचविते, पण लिग्निनापुढें तीहि हार खाते. यामुळें सगळीं पानें सारख्या वेगानें कुजत नाहींत. गिरिपुष्पाचा हिरवा पाला भाताच्या खाचरांत तुडवला तर थोड्याच आठवड्यांत दिसेनासा होतो. उलट आंब्याचें चामड्यासारखें पान किंवा सुरूच्या काड्या महिनोन् महिने पडून राहतात. थंड मुलखांतील सूचिपर्णी झाडांच्या रानांत तर पाचोळा कुजून जाण्यास कित्येक वर्षें लागतात. सह्याद्रीच्या ओल्या रानांत बहुतेक पानांचा हिशेब वर्षा-दोन वर्षांत पुरा होतो.

मृगाचा पाऊस पडला कीं कामाला आरंभ होतो, आणि तो आरंभ अगदीं चहा करण्यासारखा असतो. भिजलेल्या पानांतून पालाश, उरलीसुरली साखर आणि तुरट तांबूस द्रव्यें पाण्यांत उतरतात. पालाश तर पहिल्या कांहीं सरींतच बहुतेक निघून जातो. मग येते बुरशी. पाचोळ्याचा वरचा थर हातानें अलगद उचलला तर खालच्या ओल्या पानांना एकमेकांशीं शिवून टाकणारे, कापसाच्या तंतूंहूनहि बारीक असे पांढरे धागे दिसतात. वर दिसणारें भूछत्र हें केवळ या बुरशीचें फळ. तिचा खरा संसार त्या धाग्यांत चालतो. लिग्निन पुरतेपणीं मोडण्याची कला सृष्टींत ज्या थोड्यांना साधली आहे, त्यांत कांहीं बुरशींचा क्रम पहिला लागतो. त्या आपले पाचक रस बाहेर सोडतात, पान बाहेरच पचवितात आणि तयार झालेलें अन्न शोषून घेतात. पावसाळ्याच्या काळोख्या रात्रीं भीमाशंकरच्या रानांत कुजकीं लांकडें आणि काटक्या हिरवट उजेडानें चमकतांना दिसतात, तो प्रकाश अशाच कांहीं बुरशींचा असतो. तो पाहण्यास आतां पुण्या-मुंबईहून लोक मुद्दाम जातात, आणि जातां जातां त्या बुरशीचा संसार पायांखालीं तुडवून येतात!

परंतु एकट्या बुरशीवर आणि सूक्ष्म जंतूंवर सोंपविलें तर हें काम फार रेंगाळतें. इंग्लंडांतील रॉथॅम्स्टेड येथील शेतकी संशोधनकेंद्रांत १९६० नंतर लवकरच यासंबंधीं एक प्रयोग झाला. ओक व बीच या झाडांच्या पानांच्या चकत्या नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांत भरून त्या पिशव्या मातींत पुरण्यांत आल्या. कांहीं पिशव्यांचीं छिद्रें गांडुळालाहि आंत शिरतां यावें एवढीं मोठीं होतीं. कांहींचीं इतकीं बारीक कीं, जंतु व बुरशी यांखेरीज कोणाचाहि आंत प्रवेश होऊं नये. मोठ्या छिद्रांच्या पिशव्यांतील पानें कांहीं महिन्यांत नाहींशीं झालीं. अगदीं बारीक छिद्रांच्या पिशव्यांतील पानें मात्र कित्येक महिन्यांनंतरहि डोळ्यांना जवळजवळ जशींच्या तशीं दिसत होतीं. म्हणजे पचविणारा कोणीहि असो, आधीं चावणारा पाहिजे.

अरण्यांत चावणाऱ्यांचा तुटवडा नाहीं. स्पर्श होतांच नाण्यासारखें वेटोळें करून बसणारा, शेकडों पायांचा वाणी हा त्यांतला प्रमुख. पावसाळ्यांत तो घराच्या भिंतीवर चढला कीं घरांत आरडाओरडा होतो. वस्तुतः त्या बिचाऱ्याचें सारें लक्ष कुजलेल्या पानाकडे असतें. ओल्या दगडाखालीं सांपडणारे, अंगावर खवल्यांचे पट्टे असलेले करड्या रंगाचे किडे असतात. ते नात्यानें खेकडा-कोळंबीच्या कुळांतले, पण समुद्र सोडून पाचोळ्यांत येऊन स्थायिक झालेले. शेपटीखालच्या कमानीनें टुणकन् उडणारे, तिळाहूनहि लहान असे स्प्रिंगटेल आणि कोळ्यांच्या जातीचे इवलेसे माइट तर एक पाऊल मावेल एवढ्या जागेंत शेकड्यांनीं असतात. रानांत झुरळेंहि असतात, आणि स्वयंपाकघरांतील आपल्या बदनाम भाऊबंदांप्रमाणें कोणाच्या शिव्याशाप न घेतां निमूटपणें पानें कुरतडीत असतात. हे सगळे जीव पानांतील थोडासाच अंश अंगीं लावून घेतात. बाकीचा लेंड्यांच्या रूपानें बाहेर टाकतात. पण त्या टाकण्यांतच त्यांचें महत्त्व आहे. अखंड पानाचा पृष्ठभाग तो केवढा! त्याच पानाचे हजारों तुकडे झाले, ते ओले होऊन पोटांतील जंतूंत घोळले गेले, कीं बुरशीला आणि सूक्ष्म जंतूंना शिरावयास हजारों दारें उघडतात. जात्यावर दळल्यावांचून जोंधळ्याची भाकरी होत नाहीं, तसेंच हें आहे.

पावसाळ्यानंतर रान सुकतें आणि ही बहुतेक मंडळी खोल जाऊन निजते. तेव्हां कामावर येते वाळवी. पुस्तकें आणि दाराच्या चौकटी यांची वैरीण म्हणून घराघरांत तिची अपकीर्ति आहे आणि ती रास्तहि आहे. पण सागाच्या कोरड्या रानांत उन्हाळ्यांतील पाचोळ्याची वासलात लावणारी तिच्याएवढी दुसरी कोणी नाहीं. पानावर ओल्या मातीचें पातळ छत घालून त्याच्या आडोशानें ती खात असते. वारुळें बांधणाऱ्या पुष्कळ जातींची वाळवी स्वतः लिग्निन पचवीत नाहीं. ती चावलेला पाला वारुळांत नेते, त्याच्या स्पंजासारख्या गाद्या रचते, त्यांवर एका विशिष्ट बुरशीची लागवड करते, आणि बुरशीनें मऊ केलेलें अन्न मग आपण खाते. म्हणजे शेती ही मनुष्याचीच विद्या, हा अभिमान फारसा बाळगण्यासारखा नाहीं. श्रावणांत वारुळांच्या आसपास जीं चविष्ट अळंबीं उगवतात आणि गोव्याच्या बाजारांत पानांत गुंडाळून चढ्या भावानें विकलीं जातात, तीं याच शेतांतलीं. वाळवीवांचून तीं माणसाला पिकवितां येत नाहींत.

गांडुळांची कीर्ति मात्र जुनी आहे, आणि ती मिळवून दिली चार्लस् डार्विन यानें. १८३७ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळापुढें त्यानें गांडुळांवर पहिला निबंध वाचला. १८४२ सालीं त्यानें आपल्या घराजवळच्या एका कुरणावर खडूच्या दगडाचा चुरा पसरविला, आणि पुढें २९ वर्षें थांबून १८७१ मध्यें तेथें चर खणला. तो पांढरा थर ७ इंच खालीं गेलेला आढळला. गांडुळांनीं खालची माती खाऊन वर आणून टाकली होती. पुष्कळ जमिनींत गांडुळें वर्षाला एकरी १० टनांहून अधिक माती अशी वर आणतात, असा त्यानें हिशेब केला. हें सारें १८८१ सालीं पुस्तकरूपानें आलें, आणि १८८२ मध्यें डार्विन वारला. ज्याच्या सिद्धांतानें जगभर खळबळ उडाली, त्याचें अखेरचें पुस्तक गांडुळांवर असावें, ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटते. चव्वेचाळीस वर्षें एका विषयाचा पिच्छा पुरविणाऱ्या माणसाला ती तशी वाटली नसावी.

तथापि गांडूळ म्हणजे सर्वत्र पुण्यवंतच, असा सरसकट निवाडा देतां येत नाहीं. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडील भाग गेल्या हिमयुगांत बर्फाखालीं होता आणि त्यानंतर तेथील अरण्यें गांडुळांवांचूनच वाढलीं. तेथें पाचोळा सावकाश कुजे, त्याची जाड गादी बने, आणि मेपलचीं रोपें व रानफुलें त्या गादींतच रुजत. यूरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांच्या कुंड्यांच्या मातींतून, आणि पुढें मासे धरणाऱ्यांनीं गळाचें उरलेलें आमिष फेंकून दिल्यामुळें, तेथें गांडुळें शिरलीं. मिनेसोटासारख्या प्रांतांत त्यांनीं ती गादी कांहीं वर्षांतच फस्त केली आणि खालीं उघडी, कडक जमीन राहिली. पाचोळा कुजणें चांगलें, पण किती वेगानें कुजणें चांगलें, हें त्या त्या अरण्याच्या जुन्या संवयीवर ठरतें.

आतां नत्राच्या जमाखर्चाकडे वळावयास हवें, कारण पाचोळ्याच्या खतासंबंधींचे बहुतेक घोटाळे येथेंच होतात. बुरशी आणि जंतु यांच्या शरीराला नत्र पुष्कळ लागतो आणि गळलेल्या पानांत तर तो तुटपुंजा. मग ते तो आसपासच्या मातींतून उसना घेतात. म्हणून पाचोळा कुजूं लागला कीं आरंभीं जमीन सुपीक होण्याऐवजीं थोडी दरिद्रीच होते. सुका पाला कुंडींत पुरून लगेच गुलाब लावणाऱ्याचीं पानें पिवळीं पडतात आणि तो पाचोळ्याला दोष देतो, त्याचें कारण हें. कर्ब मात्र दिवसेंदिवस कमी होत असतो. ज्यानें खाल्लें तो श्वासावाटे तो हवेत सोडतो. होतां होतां कर्ब-नत्राचें प्रमाण खालीं आलें, बुरशीला माइटनें खाल्लें, जंतूला त्याहून मोठ्या जंतूनें खाल्लें, कीं जास्त झालेला नत्र मातींत मोकळा होतो. आरंभीं घेतलेलें कर्ज अशा रीतीनें फिटतें, आणि वर कांहीं शिल्लकहि पडते.

ही शिल्लक पावसानें वाहून कां जात नाहीं? कारण ती घेणारा दारांतच उभा असतो. दाट अरण्यांत झाडांचीं बारीक तंतुमुळें खोल न जातां वरच्या दोन-चार बोटांच्या थरांत, कित्येकदां पाचोळ्याच्या आंतच वर चढून जाळें विणतात. त्या मुळांशीं आणखी एका प्रकारची बुरशी जोडलेली असते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यानें १८८५ सालीं या जोडीला मायकोऱ्हायझा, म्हणजे मूळ-बुरशी, असें नांव दिलें. झाड तिला साखर देतें. ती आपल्या धाग्यांनीं दूरवरचा स्फुरद आणि पाणी आणून देते. पान पडतें, मोडतें, त्यांतील क्षार सुटतात आणि सुटतांच झेलले जातात. जमिनींत सांठा थोडा आणि उलाढाल मोठी, असा हा धंदा आहे. म्हणूनच असलें रान तोडून तेथें नांगर घातला तर दोन-तीन पिकांनंतर जमीन हात वर करते.

सगळेंच कांहीं हवेंत आणि मुळांत जात नाहीं. थोडा भाग काळसर, मऊ अशा रूपानें मातींत मुरून राहतो. त्याला ह्यूमस म्हणतात. ह्यूमस हें कुजण्याच्या शेवटीं बनणारें एक निराळेंच गुंतागुंतीचें रसायन आहे, असें पुष्कळ वर्षें शिकविलें जाई. आतां ती समजूत डळमळीत झाली आहे. २०१५ सालीं लेमन व क्लेबर या दोघां शास्त्रज्ञांनीं मांडलें कीं, निराळें रसायन असें कांहीं बनत नाहीं. वनस्पतींचे आणि जंतूंच्या मृत शरीरांचे लहान लहान अंश चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात, आणि चिकटल्यामुळें खाणाऱ्यांच्या हातीं लागत नाहींत, एवढेंच. वाद कोणत्याहि बाजूनें सुटो, गुण तेच राहतात. हें द्रव्य मातीचे कण धरून त्यांचे रवे बनवितें, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी सांठवितें आणि क्षार अडवून धरतें. मुसळधार सर पाचोळ्यावर पडते तेव्हां तिचा मार आधीं पानें खातात, आणि पाणी खालच्या रवाळ मातींत हळू हळू उतरतें. त्याच उतारावर पाचोळा नसला तर तेंच पाणी मातीसकट ओढ्याला जाऊन मिळतें.

अरण्यांतल्या ओल्या मातीच्या सुगंधाचाहि उगम येथेंच आहे. मातींतील कांहीं जंतु जिओस्मिन नांवाचें द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. १९६५ सालीं त्याला हें नांव मिळालें. मनुष्याच्या नाकाला तो अत्यल्प प्रमाणांतहि ओळखूं येतो. पण तो मनुष्याकरितां नसतो. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असें दिसतें कीं, त्या वासानें स्प्रिंगटेल ओढले जातात, ते त्या जंतूंवर ताव मारतात, आणि त्यांचीं बीजें अंगावर व पोटांत घेऊन दुसरीकडे पेरतात. कवींनीं ज्या वासावर इतकें लिहिलें तो मुळांत एका किड्याला दिलेलें जेवणाचें आमंत्रण आहे.

एवढी मोठी यंत्रणा, पण ती थांबविणें अगदीं सोपें आहे. पाचोळा उचलून नेला कीं झालें. जर्मनींत हा प्रयोग नकळत कित्येक पिढ्या चालला. गुरें गोठ्यांत बांधून पोसण्याची रीत वाढली, पेंढा वैरणींत जाऊं लागला, आणि गुरांखालीं आंथरण्याकरितां शेतकरी रानांतला पाचोळा दाताळ्यांनीं ओढून नेऊं लागले. शेतांना खत मिळालें, पण रानें खुरटलीं. एबरमायर या शास्त्रज्ञानें बव्हेरियाच्या अरण्यांत याची पद्धतशीर मोजदाद करून १८७६ सालीं अरण्यांतील पाचोळ्यावर एक ग्रंथच लिहिला. पाचोळ्याबरोबर झाडांचें किती अन्न दर वर्षीं रानाबाहेर जातें, हें त्यानें तराजूंत घालून दाखविलें.

आपल्याकडे हाच प्रश्न राबाच्या रूपानें आला. कोंकणांत व मावळांत भाताचें रोप टाकण्यापूर्वीं त्या वाफ्यावर शेण, झाडांचा टहाळ, गवत आणि पाचोळा यांचे थर रचून ते भाजण्याची चाल आहे. सरकारी जंगलाचे नियम कडक झाल्यावर हा टहाळ आणि पाचोळा आणावा कोठून, यावरून तंटे माजले. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारला कमिशन नेमावें लागलें, आणि त्याच्यापुढें राबाचा प्रश्न प्रमुखपणें आला. राब भाजणारा शेतकरी अडाणी, असें म्हणणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. त्या उष्णतेनें तणांचें बीं मरतें, भाजलेल्या मातींतला कांहीं नत्र रोपाला चटकन् मिळतो, राखेंतला पालाश व चुना मिळतो, आणि ज्याच्या गांठीं पैसा नाहीं त्याला हें सारें श्रमाच्या मोलानें साधतें. परंतु पाचोळ्यापुरतें पाहिलें तर हा सौदा महागच आहे. जळतांना पानांतला बहुतेक नत्र वायुरूपानें निघून जातो. ज्याची जमिनीला सर्वांत चणचण तोच आधीं पळतो.

वणव्यांत तर हा महाग सौदासुद्धां नसतो. नुसतें दिवाळें असतें. गवत चांगलें फुटेल म्हणून, मोहाचीं फुलें वेंचण्यास जागा साफ व्हावी म्हणून, किंवा कोणीं निष्काळजीपणें टाकलेल्या विडीमुळें चैत्रांत डोंगर पेटतात. राबाची राख निदान वाफ्यांत राहते. डोंगरउतारावरची राख पहिल्या वळवाबरोबर ओढ्यांत जाते. वाणी, गांडुळांचीं अंडीं, बुरशीचे धागे, नुकतींच रुजलेलीं रोपें हीं सगळीं त्या थरांतच असतात. मोठें झाड त्यांतून वांचतें, पावसांत हिरवें होतें, आणि पाहणाऱ्याला वाटतें कीं, कांहीं बिघडलें नाहीं.

याच्या उलट चित्र पाहावयाचें तर देवराईंत. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनीं १९७५-७६ च्या सुमारास सह्याद्रींतील देवरायांवर निबंध प्रसिद्ध करून विद्वानांचें लक्ष तिकडे वेधलें. पुष्कळ देवरायांत कुऱ्हाड चालवावयाची नाहीं एवढाच नेम नसतो. खालीं पडलेली काटकी आणि वाळकें पानसुद्धां न्यावयाचें नाहीं, असा असतो. आजूबाजूचे डोंगर उघडे असतां मधल्या चार-दोन एकरांच्या राईंत उन्हाळ्यांतहि पाझर जिवंत राहतो, असें अनेक गांवीं दिसतें. त्याचें सगळें श्रेय पाचोळ्याला देणें धाडसाचें होईल. उभ्या झाडांची सावली आणि खोल मुळें यांचाहि त्यांत वांटा आहे. पण ज्यानें कोणीं पहिल्यानें कुऱ्हाडीबरोबर झाडूलाहि मनाई केली, त्याला अरण्याची नस बरोबर सांपडली होती, यांत संशय नाहीं.

अरण्याची ही रीत शेतांत आणण्याचा मोठा प्रयत्न इंदुरास झाला. तेथील वनस्पति-उद्योगसंस्थेंत १९२४ पासून १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं पाला, धाटें, शेण आणि गोमूत्राची माती यांचे थर देऊन, ओल आणि हवा सांभाळून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. १९३१ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली, तेव्हां हॉवर्ड यांच्या नांवाशेजारीं त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेंहि नांव होतें. ‘इंदूर पद्धति’ या नांवानें ती जगभर गेली. १९४० च्या आपल्या ग्रंथांत हॉवर्ड यांनीं अरण्य हाच शेतकऱ्याचा गुरु मानला आहे.

शहरांतील अंगणांत तेवढ्या खटाटोपाचीहि जरूर नाहीं. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ सालीं देशभर मनाई केली आणि ५,००० रुपयांपासून पुढें दंड ठरविला, तरी काडी लावणारे हात थांबले नाहींत. याचें एक कारण असें कीं, जाळूं नये तर काय करावें, हें त्यांना कोणी सांगत नाहीं. तीन फूट रुंद व तितकीच उंच अशी जाळीची टोपली सावलींत मांडावी, किंवा फटी ठेवून विटांचा हौद रचावा. पानें पायांनीं चुरून भरावींत, म्हणजे वाण्याचें काम थोडें हलकें होतें. दर वीतभर थरावर शेणकाला शिंपडावा. नत्राची उसनवारी त्यांतून भागते. पिळलेल्या फडक्याइतकी ओल असावी. पाणी साचलें तर घाण येते आणि कोरडें राहिलें तर फाल्गुनांतलें पान ज्येष्ठांत जसेंच्या तसें सांपडतें, आणि मग हा उद्योग फुकट, असें घरांत ठरून जातें. महिन्यांतून एकदां वरचें खालीं करावें. आंब्याच्या पानाला वर्ष लागलें तरी रागावूं नये. इतरांचें बरेंचसें काम पावसाळ्यांत आटोपतें, आणि भाद्रपदाच्या सुमारास टोपलीच्या तळाशीं हात घातला तर काळी, भुसभुशीत, रानाच्या वासाची माती हाताला लागते. तींत बदामाच्या पानांच्या नुसत्या शिरांच्या जाळ्या राहिलेल्या असतात, आणि मधूनच एखादा वाणी वेटोळें करून पडलेला सांपडतो.